भाजीसाठी आणलेला फ्रीज

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. घरातला नव्हे, दुकानातला. पुढून काचेचं दार, आत पाच जाळ्या आणि डोक्यावर दिव्याची पट्टी. त्या पट्टीवर लालभडक कागद चिकटवलेला आहे आणि त्यात एक तरुण जोडपं बाटली तोंडाला लावून हसतंय. ते इतकी वर्षं न थांबता पीत आहेत की मला त्यांच्या दातांची काळजी वाटते. कागद एका कोपऱ्यात सुटलाय. तिथून खालचा हिरवा रंग दिसतो. तो माझा खरा रंग. मी भाजी ठेवण्यासाठी जन्मलो होतो. आज हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील. त्यांना वाटतं, हा जन्मल्यापासून सरबताच्याच धंद्यात आहे.

कारखान्यात मला तयार केल्यावर तिथल्या तपासनीस बाईंनी माझ्या पोटात पालकाची एक जुडी ठेवून दार लावलं. काही दिवसांनी त्यांनी दार उघडलं, एक देठ हातात घेतला आणि मोडला. तो कट्कन आवाज करून मोडला. "पास," त्या म्हणाल्या आणि पुढच्या फ्रीजकडे गेल्या. इतकं मोजकं आणि इतकं खरं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही. पुढे भाषणं मात्र पुष्कळ झाली.

ज्या वसाहतीत मला आणलं, तिची हकीकत अशी. शहराच्या मधोमध राहणाऱ्या काही माणसांची जागा कशासाठी तरी हवी होती, म्हणून त्यांना शहराच्या कडेला नव्या इमारतींत हलवलं. इमारती चांगल्या होत्या. जिने रुंद होते, नळाला पाणी होतं. नकाशा काढणाऱ्यांनी शाळेचा विचार केला होता, दवाखान्याचा केला होता, चौकीचा केला होता, बागेतल्या घसरगुंडीचासुद्धा केला होता. माणसं जेवतात, एवढंच त्यांच्या ध्यानातून राहून गेलं. भाजीबाजार दोन बस पलीकडे राहिला. वसाहतीला वळसा घालून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावरून ट्रक सुसाट धावत, त्यामुळे हातगाडीवाले इकडे फिरकत नसत. सगळ्या वसाहतीत दुकान एकच. तिथे बिस्किटं मिळत, पाकिटातले नूडल्स मिळत, तळलेल्या चकत्यांच्या पुड्या माळांसारख्या लटकत. बटाटा हीच तिथली भाजी आणि टोमॅटोचा सॉस हेच फळ.

दुकानाच्या मालकाला सगळे छोटूशेठ म्हणत. वय पन्नाशीचं, पोट सुटलेलं, तरी छोटू. कारण त्याचा थोरला भाऊ समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहत होता आणि तो अजूनही त्याला "छोट्या" अशीच हाक मारायचा. हा थोरला भाऊ जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. लोक त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. आईवडील लवकर गेल्यामुळे त्यानेच धाकट्याला वाढवलं होतं, बसच्या मागच्या सीटवर झोपवून. दुकानही त्यानेच काढून दिलं होतं. आता तो दुकानाच्या पायरीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवी. एकच अडचण होती. त्याच्या रक्तात साखर फार होती आणि डाव्या पायाला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती.

"औषध मी देतो, पण ताट तुम्ही सांभाळा," दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, म्हणजे काकूंना बजावलं होतं. "अर्धं ताट भाजी पाहिजे. साखर आटोक्यात आली तर जखम भरेल. नाही आली तर पाय वाचवणं माझ्या हातात नाही."

काकूंनी मान हलवली. अर्धं ताट भाजी. ती दोन बस पलीकडे होती, आणि काकूंचे गुडघे एका बसचेही राहिले नव्हते.

तेवढ्यात वसाहतीत पाहणी झाली. दोन घरांआड एकाला साखरेचा आजार आणि बायकांच्या अंगात रक्त कमी, असं निघालं. वरच्या मंडळींना धक्का बसला. माणसांना भाजी मिळत नाही आणि ती आजारी पडतात, या दोन गोष्टींचा संबंध असू शकतो, असा अहवाल आला. मग योजना आली. योजनेबरोबर मी आलो.

मला ठेवायला छोटूशेठ आधी तयार नव्हता. "वहिनी, हे सरकारी हत्तीचं पिल्लू कशाला माझ्या दारात?" तो काकूंना म्हणाला. "भाजी सडली की वास माझ्या दुकानात येणार."

"भाऊजी, तुमच्या दादाच्या पायाकडे बघा आणि मग वासाचं बोला," काकू म्हणाल्या.

त्याने पायाकडे बघितलं आणि बिस्किटांचे खोके बाजूला सरकवले. मी आत आलो.

उद्घाटन दणक्यात झालं. योजनेच्या अधिकारी बाईंनी माझ्या दाराची फीत कापली. टोमॅटो, गाजरं, कोबी, पालक, फरसबी, सगळं माझ्या जाळ्यांवर रचलं होतं. एका पाहुण्याने मला "आरोग्याचं मंदिर" म्हटलं, दुसऱ्याने "क्रांती". फोटो काढताना ड्रायव्हरकाका खुर्चीतून म्हणाला, "बाईसाहेब, क्रांतीला जरा बाजूला घ्या, पालक दिसत नाहीये." सगळे हसले. काकूंनी पहिली जुडी घेतली. मित्रांनो, मला कोणी विचारलं असतं तर त्या क्षणी मी सांगितलं असतं, की यापुढचं सगळं सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालक मान टाकून पडला होता. तिसऱ्या दिवशी पिवळा झाला. टोमॅटोंना पाणी सुटलं. भाजीची गाडी दर दोन दिवसांनी संध्याकाळी माल टाकून जाई आणि दर दोन दिवसांनी छोटूशेठ त्यातला निम्मा उकिरड्यावर टाकी. बायका दार उघडत, नाक मुरडत, दार लावत. "यापेक्षा पाकीट बरं," एकजण म्हणाली. "पाकिटातलं निदान मेलेलं दिसत नाही."

दोष माझ्यावर आला. मशीनच भिकार पाठवलं असेल, असं ठरलं. मी काय बोलणार? मला तोंड नाही, नुसतं दार आहे.

खरी गोष्ट अशी होती. ड्रायव्हरकाकाने जन्मभर एक नियम पाळला होता: मशीन चालू ठेवून खाली उतरायचं नाही. डेपोत एकदा कोणीतरी इंजिन चालू ठेवून चहाला गेला होता आणि गाडी आपली आपण निघून भिंतीत घुसली होती. तेव्हापासून हा नियम त्याने लहान भावाच्या अंगात मुरवला होता. रोज दुकान मिटताना खुर्चीतून आवाज यायचा, "छोट्या, मेन बंद केलं का रे?"

"केलं, दादा."

आणि तो खरंच करायचा. दिवे, पंखा, रेडिओ आणि मी, सगळे एकाच बटणावर. शटर खाली आलं की माझ्या पोटातली थंडी हळूहळू मरायची. सकाळी शटर वर गेलं की मला पुन्हा जाग यायची, तोवर पालकाचं आयुष्य उरकलेलं असायचं. ज्या माणसाच्या पायासाठी भाजी आणली होती, तो माणूस रोज स्वतः विचारून, खात्री करून घेऊन, ती मारत होता. यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. तोपर्यंत तरी नव्हता.

हे उघडकीला आणलं काकूंनी. एका सकाळी त्यांना लवकर डबा करायचा होता. छोटूशेठ नुकता शटर उघडून झाडू मारत होता, बटण अजून दाबलं नव्हतं. काकूंनी माझं दार उघडलं आणि त्या थबकल्या. हात आत घातला. एकदा वरच्या जाळीवर, एकदा खालच्या.

"भाऊजी, हा गरम आहे."

"आत्ता चालू करतो ना, वहिनी. जरा दम धरा."

"म्हणजे रात्रभर बंद होता?"

"बंदच असतो. दादाचा नियम आहे."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्यांना हसू आवरेना. रस्ता ओलांडून त्या नवऱ्याला घेऊन आल्या. तो लंगडत, त्यांच्या खांद्याला धरत आला. "तुमचा नियम बघा काय करतोय," त्या म्हणाल्या. काकाने माझ्या दारावर हात ठेवला, एखाद्या तापलेल्या इंजिनावर ठेवावा तसा.

"अरे गाढवा," तो भावाला म्हणाला, "हा नियम चाकं असलेल्या मशीनला!"

"तू कधी सांगितलंस चाकांचं?"

"आता सांगतोय."

तिघेही हसले. त्या संध्याकाळी शटर खाली आलं तरी मी चालू राहिलो. मित्रांनो, बंद दुकानात, अंधारात, एकट्याने गार राहण्यात किती सुख असतं, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. सकाळी काकूंनी एक देठ घेऊन मोडला. मोडताना आवाज आला. "आता कसं," त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. भाजी टिकू लागली आणि भाजी टिकतेय म्हटल्यावर माणसं येऊ लागली. कारखान्यातली रात्रपाळी करून सुटलेल्या बायका घरी जाताना जुड्या नेत. रखवालदार गाजर तिथेच धुऊन खात. दुपारनंतर माझ्या पोटात शोधूनही काही सापडत नसे. जखमेवर पट्टी बांधणाऱ्या सिस्टर एकदा पायरीवर थांबून काकाला म्हणाल्या, "काका, कडा सुकायला लागल्या की हो! काय खाताय?"

"गवत," काका म्हणाला. "बायको गुरासारखं चारते." आणि मग हळूच, "पण ते तिला सांगू नका, गोड लागतं."

मग विजेचं बिल आलं.

योजनेत माझी किंमत धरली होती, फितीची धरली होती, फोटोची धरली होती. मी विजेवर चालतो, हे कोणी धरलं नव्हतं. छोटूशेठने अधिकारी बाईंना दोनदा फोन केला. "वरती कळवते," त्या म्हणाल्या. वरती बहुधा कळलं असावं, कारण तिथून कायमची शांतता आली. इथपर्यंत मी छोटूशेठच्या बाजूने होतो. तो काही श्रीमंत माणूस नव्हता.

पण त्याच सुमाराला थंड पेयांच्या कंपनीचा माणूस आला. त्याच्या गळ्यात टाय होता. त्याने माझं दार उघडलं, माझा आवाज ऐकला, माझ्या पाठीमागे हात घालून बघितलं. घोडा विकत घेताना बघतात तसं. "मशीन छान आहे," तो म्हणाला. "बिल आम्ही भरू. बिघडलं तर मेकॅनिक आमचा. फक्त आत आमचाच माल. दुसरं काही दिसता कामा नये."

"भाजी आहे ना सध्या," छोटूशेठ म्हणाला.

"लोक घेतात भाजी?"

छोटूशेठने माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी जवळजवळ रिकामा होतो. सगळी भाजी लोकांनी सकाळीच नेली होती.

"बघतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून तो पुन्हा मेन बंद करू लागला. काका विचारत नव्हता, तरी बंद करू लागला. पालकाने पुन्हा मान टाकली. काकूंनी विचारलं तर म्हणाला, "मशीनला काय झालंय कळत नाही, वहिनी." मशीन तिथेच उभं होतं आणि सगळं ऐकत होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला गळा नाही, तरी कळलं.

योजनेचा आढावा घ्यायला अधिकारी बाई आल्या, तेव्हा माझ्या पोटात पिवळी पडलेली जुडी आणि फुटलेले टोमॅटो होते. पायरीवर दहाबारा माणसं जमली होती. काका खुर्चीत होता.

"शेठ, मागणी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"खरं सांगू का बाईसाहेब," छोटूशेठ म्हणाला, "आमच्या लोकांना भाजीची सवयच नाही. ठेवून ठेवून सडते. त्यांना पाकीट द्या, बाटली द्या, खूश."

काकू पुढे झाल्या. "खोटं आहे हे! रात्री मेन बंद करतात, म्हणून सडते. मधे चालू ठेवलं होतं तेव्हा दुपारपर्यंत पान राहत नव्हतं. विचारा सगळ्यांना!"

"वहिनी, घरातलं भांडण चारचौघांत कशाला?" छोटूशेठ खालच्या आवाजात म्हणाला. आणि बाईंकडे वळून, "दादा आजारी आहेत. त्यांना त्रास होतो फार."

बाईंनी काकूंकडे सहानुभूतीने बघितलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांना अजून तीन वसाहती बघायच्या होत्या. "मावशी, मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण मला मागणीबद्दल लिहायचंय. बटणाबद्दल लिहायला जागा नाहीये." त्यांनी माझ्या पोटातल्या सडलेल्या जुडीचा फोटो काढला. हा माझा दुसरा फोटो.

सगळे गेल्यावर काका म्हणाला, "छोट्या, तू माझ्याकडे बघून का नाही बोललास?"

छोटूशेठने झाडू घेतला आणि झाडलेलीच पायरी पुन्हा झाडली.

योजना बंद झाली. "या वसाहतीत ताज्या भाजीला मागणी नाही," असं ठरलं. ते अजून तसंच ठरलेलं आहे. भाजीची गाडी यायची थांबली. माझ्यावर लाल कागद चढला, जाळ्यांवर बाटल्या आल्या आणि त्या दिवसापासून माझा मेन एकदाही बंद झाला नाही. कंपनीची तशी अटच होती. बाटली गरम झालेली कोणाला चालत नाही.

काकू दोन बस करून जाऊ लागल्या. जमेल तेव्हा जात, गुडघे सुजले की राहत. जखमेच्या कडा सुकता सुकता थांबल्या, मग ओल्या झाल्या, मग काळ्या पडल्या. डॉक्टरांनी ताटाचं विचारलं. काकूंनी सुजलेले गुडघे दाखवले. काकाला गाडीतून नेलं आणि परत आणलं, तेव्हा डावा पाय घोट्याच्या वर संपत होता.

छोटूशेठ त्या दिवशी रडला. खरंच रडला, मी बघितलं. मग डोळे पुसून त्याने माझं दार उघडलं, संत्र्याचं चित्र असलेली सगळ्यात मोठी बाटली काढली आणि भावाला द्यायला समोर गेला. थोड्या वेळाने ती बाटली घेऊन तो परत आला आणि ती त्याने पुन्हा जागेवर लावली. चित्र बाहेरच्या बाजूला करून लावली. तशी पद्धत आहे.

यानंतर वसाहतीतल्या बायकांनी आपसात ठरवलं. पाळीपाळीने एकीने बाजाराला जायचं आणि सगळ्यांसाठी पोतं भरून आणायचं. वाटणी दुकानाच्या पायरीवरच व्हायची, कारण तेवढीच सावली. पण पोतं यायचं उशिरा, काही घरांची माणसं कामावर असायची आणि त्यांच्या जुड्या तिथेच माना टाकायच्या. माझ्यापासून दोन हातांवर. मधे फक्त काच.

एका दुपारी काका कुबड्या घेऊन आला. पायरी चढायला त्याला वेळ लागला. त्याने माझं दार उघडलं आणि खालच्या जाळीवरच्या बाटल्या एकेक करून काढून गल्ल्यावर मांडल्या. मग उरलेल्या जुड्या उचलून रिकाम्या जाळीवर ठेवल्या. घामाघूम झाला होता.

"दादा, कंपनीचा माणूस ओरडेल," छोटूशेठ म्हणाला.

"ओरडू दे. पाय एक कमी झालाय, कान दोन्ही शाबूत आहेत."

छोटूशेठने गल्ल्यावरच्या बाटल्या खोक्यात भरल्या. त्या रात्री मी पालक सांभाळला. लाल कागदाखालून, पण सांभाळला. मला वाटलं, धाकट्याचं मन वळलं. मी यंत्र आहे, मित्रांनो. मला असं वाटू शकतं.

दुसऱ्या दिवशी टायवाला आला. त्याने दार उघडलं, जुड्या दोन बोटांनी उचलल्या आणि बाहेर पायरीवर, उन्हात ठेवल्या. काका तिथेच बसला होता. भावाकडे बघून म्हणाला, "छोट्या, तू सांग त्याला. एकच जाळी मागतोय. तू सांग."

छोटूशेठच्या हातात फडकं होतं. तो माझी काच पुसू लागला. काच स्वच्छ होती. तो पुसत राहिला, वरून खाली, वरून खाली. टायवाल्याने बाटल्या नीट रांगेत लावल्या, सही घेतली आणि तो गेला.

काका उठला. "खुर्ची घे गं," तो काकूंना म्हणाला. काकूंनी एका हातात खुर्ची घेतली, दुसऱ्या हातात जुड्यांची पिशवी. दोघं रस्ता ओलांडून गेली. त्यानंतर छोटूशेठला "छोट्या" म्हणणारं कोणी राहिलं नाही. आता सगळेच त्याला शेठ म्हणतात.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी उत्तम काळजी घेतली जाते. रोज पुसतात, जरा आवाज बदलला की मेकॅनिक धावत येतो. या वसाहतीत माझ्याइतकी तब्येत कोणाचीच चांगली नाही.

पण संध्याकाळी कामावरून येणारी एखादी बाई अजून माझं दार उघडते. थंड हवा तिच्या तोंडावर येते. ती वरच्या जाळीपासून खालच्या जाळीपर्यंत शांतपणे बघते, मग दार हळूच लावते आणि रिकाम्या हाताने जाते. "नुसतं बघायला येतात हे लोक," शेठ म्हणतो. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी नकाशे काढेल, कोणी पाहणीला येईल. तेव्हा माझ्याकडे बघून काहीही ठरवू नका. त्या बाईच्या मागे जा, तिला थांबवा आणि तिला काय हवं होतं, ते तिलाच विचारा.